आठवी पास उमेदवार

च्या घ्या, तोवर आमच्या उमेदवाराचं सांगतो. उचगावात माझं चपला करायचं छोटं दुकान हाय. शेजारच्या रझियाला ते काम शिकायचं होतं, पर घरची म्हणायची, पगार मिळंल तरच जा. शिकणाऱ्याला पगार द्यायची माझी कुवत न्हवती. मग कुणीतरी सांगितलं की आता शिकणाऱ्याचा पगार सरकार देतंय. म्हणून तिला घेऊन कोल्हापूरच्या ऑफिसात गेलतो.

साहेब म्हणाले, "आजोबा, शिकाऊ उमेदवार आम्ही पाठवू."

म्हटलं, "उमेदवार मी आणलाय की. ही रझिया."

"शिक्षण किती?"

"आठवी," ती खाली बघत म्हणाली.

"मग नाही बसत. उमेदवार बारावी पास लागतो."

म्हटलं, "साहेब, निवडणुकीत दारात हात जोडून येतोय, तो पण उमेदवारच न्हवं? त्याला कुणी बारावी इचारत न्हाय. त्याच्या हातात अख्खा गाव देताय. हिच्या हातात नुसती चपलेवरची चामड्याची वेणी द्यायची हाय."

साहेब हसले. "नियम आहे, आजोबा."

"असू दे की. नियम तुमचा, दुकान माझं. ही उद्यापासनं येणार. कुवत न्हाय, तरी पगार माझ्या कमाईतला देतो."

आता गल्लीत सगळी तिला उमेदवारच म्हणत्यात. परवा एकानं चिडवलं, तर वेणीवरची नजर न काढता म्हणाली, "मग मत द्या की."