कुलपातला नमुना

दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको नंबरची वाट बघत बसले होते. तो संग्रहालयात प्राण्यांची वर्गवारी करणारा होता.

“नवा किडा सापडला की तो कोणत्या जातीचा, हे कसं ठरवता हो तुम्ही?” बायकोने त्याला विचारलं.

“प्रत्येक जातीचा एक मूळ नमुना कुलपात जपून ठेवलेला असतो. नवा त्याच्याशी ताडून बघायचा. पाय, पंख, मिशा, सगळं.”

“आणि मूळ नमुन्याचाच एखादा पाय तुटका असला तर?”

“तरी प्रमाण तोच. त्याला कुणी नावं ठेवत नाही.”

“जिवंत असतो?”

“छे, मेलेला! म्हणून तर बदलत नाही.”

“म्हणजे तुमच्या पहिल्या बायकोसारखा.”

“तिला कशाला मध्ये आणतेस?”

“मी आणलं? सकाळी दूध उतू गेलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ती असती तर असं झालं नसतं. नऊ वर्षं ताडून बघताय मला. एकदाचं सांगून टाका, जुळत नाही म्हणून.”

“अगं, हळू बोल. लोक ऐकताहेत.”

“ती हळू बोलायची, नाही का?”