दादाचा ठेका

आत्या: ते चार्जर-बिर्जर राहू दे. इकडे सरक, माझ्याजवळ बस. एक गोष्ट सांगते. तुझ्याच हातची आहे.

भाचा: माझ्या हातची? फोन परत अडकायला लागला का?

आत्या: छे, पाण्यासारखा चालतो. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन माझ्या भाच्याने उठवून बसवला, असं सांगत फिरत होते मी. आता ऐक. तुझे मोठे काका अंथरुणाला खिळल्यापासून मी रोज संध्याकाळी काय करते?

भाचा: फोनवर दोन भजनं म्हणतेस. त्यांच्या घरची सिस्टर फोन त्यांच्या कानाशी धरते.

आत्या: दादाची वाचा गेलेली. तिकडून ‘हं’सुद्धा येत नाही. मी आपली डोळे मिटून म्हणते नि ठेवते. आज सिस्टर बाजारात भेटली. म्हणाली, “आत्या, हल्ली फोन करून गप्प का बसता?”

भाचा: गप्प?

आत्या: मीही असंच विचारलं. म्हणे, दोनदा कान लावून पाहिला, नुसती शांतता. तिला वाटलं, भावाबहिणीची काही रीत असेल.

भाचा: कधीपासून?

आत्या: तू त्यात तुझं ते नवीन सॉफ्टवेअर घातलंस तेव्हापासून.

भाचा: शक्यच नाही. माइक तपासला होता मी. तुझ्याकडून कडवं म्हणवून घेतलं, रेकॉर्ड करून तुलाच ऐकवलं.

आत्या: ऐकवलंस. बेसूर होतं, पण ऐकवलंस.

भाचा: थांब. मी आत जाऊन तुला फोन लावतो. उचल आणि बोलत राहा.

(आतल्या खोलीचं दार लागतं. बऱ्याच वेळाने उघडतं.)

आत्या: बोलले बाबा. घसा सुकला.

भाचा: काहीच आलं नाही, आत्या. एक अक्षर नाही.

आत्या: मग ते रेकॉर्ड कसं झालं?

भाचा: त्याची वाट वेगळी, फोनवरच्या बोलण्याची वेगळी. ही दुसरी वाट चालवतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम, चिपवाल्यांनी कुलूपबंद ठेवलाय. आत काय आहे ते दाखवत नाहीत. मग आम्ही हौशी मंडळी त्याच जातीच्या दुसऱ्या फोनमधला काढून अंदाजाने बसवतो.

आत्या: आणि फोन लावून बघितला नाहीस.

भाचा: नाही.

आत्या: दादा सोडून माझं फोनवर बोलणं कुणाशी, की कळावं! म्हणजे मी इतके दिवस भिंतीपुढे गात होते.

भाचा: जुनं सॉफ्टवेअर आजच परत टाकतो. तोवर माझा फोन घे. पण काका… रोज कान लावून पडलेले, आणि काहीच नाही. त्यांना तोंड कसं दाखवू?

आत्या: अरे, गोष्ट अजून संपली कुठे? मी सिस्टरला विचारलं, कंटाळून तोंड फिरवतो का? म्हणाली, छे. फोन कानाला लागला की त्यांच्या चांगल्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर ठेका धरतं.

भाचा: कशावर? आवाजच नव्हता.

आत्या: तेच तर. मधे जरा थांबतं, मग लय वाढवून पुन्हा सुरू. आणि बोट थांबलं की लगेच इकडून फोन बंद होतो. रोज.

भाचा: तुझं दुसरं भजन जलद आहे.

आत्या: दोन्ही त्यानेच शिकवलेली.

भाचा: हा घे माझा फोन, आत्या. आजची भजनं यावरून म्हण.

आत्या: आण इकडे. आणि एक मागणं आहे. तू देवाला हात जोडत नाहीस, ठाऊक आहे. तरी झोपण्याआधी दादाची एकदा आठवण काढत जा.

भाचा: काय म्हणू?

आत्या: काही म्हणू नकोस. पोचतं त्याला.