वन्संच्या चादरी आणि भुशाचं पिंप

— कळलं हो साहेब, पाण्याच्या तक्रारीवरून आलात ते, आधी नमुन्याची बाटली भरा. इथून, या नळीतून. बघा, आहे कुठे रंग? नाहीच. मागे ते हंडे उकळतायत ना, सूत रंगवायचे, त्यांचंच पाणी हे, देवाशपथ. पूर्वी हेच पाणी जसंच्या तसं ओढ्यात जायचं, खोटं कशाला बोलू — आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला लाँड्री कुणाची? आमच्या वन्संची! ह्यांची सख्खी थोरली बहीण. एक दिवस लॉजच्या सगळ्या चादरी गुलाबी. अभ्रेसुद्धा. लॉजवाल्यानं काम काढून घेतलं, आणि वन्संनी त्या ओल्या चादरी आमच्या दारात आपटल्या — "आजपासून मला भाऊ नाही!" भाऊ समोरच उभा, कोपरापर्यंत गुलाबी हात घेऊन.

मग ह्यांनी मनावर घेतलं. पाणी शुद्ध करायचं मशीन? त्याची किंमत ऐकूनच हे खाली बसले. कुणीतरी म्हणालं, लाकडाचा भुसा रंग ओढून घेतो. आणला सुताराकडून, भरला पिंपात, वरून ओतलं गुलाबी पाणी — खालून चहा! अगदी चहा हो, भुशानं स्वतःचाच रंग सोडला. मी म्हटलं, अहो, आधी उकळून धुवा तरी. धुतला. मग ज्यूसवाल्याकडून संत्र्याच्या साली — वाळत घातल्या कुठे? गच्चीवर, पलंगावर, सासूबाईंच्या उशाशी — आणि दळल्या माझ्या मिक्सरमध्ये, मला न विचारता! मिक्सर गेला. सालींचं झालं पीठ, नळी तुंबली, पाणी उलटं फिरून स्वयंपाकघरात. मी माहेरी जायला पिशवी भरली, साहेब. सासूबाई म्हणाल्या, "मलाही ने."

शेवटी साली जाडसर कुटल्या, खाली भुसा, वर साली, आणि पाणी सोडलं बारीक धारेनं, अगदी हळू. एका दुपारी हे ओरडले, मी धावले — नितळ! लग्नातला पांढरा सदरा काढला, त्या पाण्यात बुचकळला, पिळला, आणि तसाच ओला अंगात घालून गेले बहिणीकडे. मी मागोमाग. वन्संनी बाही उलटून बघितली, कॉलर बघितली, उजेडात नेऊन शिवण बघितली — म्हणाल्या, "काढ तो, सर्दी होईल." बास, एवढंच. पण स्वतःचा टॉवेल दिला हो पुसायला. आता रोज फोन करतात, इतका वेळ की इकडे हंडे करपतात.

काय? भुसा? रंग प्यायलेला? टाकतो कशाला — वाया काहीच घालवत नाही आम्ही! मागच्या गल्लीतल्या कोंबडीवाल्याला देतो, फुकट, खुराड्यात अंथरायला. पोतीच्या पोती नेतो बिचारा... का हो, असे का बघताय? तक्रार पाण्याची नाही? मग मघाशीच सांगायचं ना — भुसा कुठे देतो ते मी बोललेच नसते. कोंबड्यांची? हिरव्या झाल्यात? छे छे, हिरव्या शक्यच नाहीत, साहेब, पैजेवर सांगते — या आठवड्यात आम्ही नुसता जांभळाच रंग —