भैरूची आई आणि महारुद्रशेठ

मंडळी, एक विचारतो. मालक म्हणायचं कोणाला? पाटीवर ज्याचं नाव, त्याला? — थांबा, उत्तराची घाई नको. आधी ऐका.

बार्शीला महारुद्रशेठ गुळवे होते. चिवड्याचा कारखाना. बायकोनं, इंदूमतीबाईंनी, घरच्या कढईत पहिला घाणा काढला. शेठनी तो सायकलवरून विकला आणि बघता बघता पाकिटं राज्यभर गेली. (कोणाच्या पिशवीत असेल तर आत्ता फोडू नका हं — कुरुमकुरुम ऐकलं की माझा टाळ चुकतो!)

शेठना नाद एकच — कबड्डी. तरुणपणी गुडघा गेला, खेळ सुटला. पुढं हाती पैसा आला, तेव्हा त्यांनी व्यावसायिक स्पर्धेतला अख्खा संघच घेतला. पण चषक येईना! बाईंनी देवघराशेजारी त्याच्यासाठी कोनाडा मोकळा ठेवलेला. तो मोकळाच.

आणि एका साली संघ अंतिम सामन्यात गेला. कोणाच्या जिवावर? भैरू गावडेच्या. आजऱ्याकडचा गडी. चढाईला गेला की समोरच्याला घाम फुटायचा.

सामना पुण्यात, दुपारचा. सकाळी व्यवस्थापक शेठच्या खोलीत आला. हळूच म्हणाला, "भैरूच्या बहिणीचा फोन होता. आई शेवटच्या घटका मोजतेय. त्याला सांगितलं नाही. सामना झाला की सांगू. तोवर काही होत नाही."

मंडळी, शेठच्या मनात काय आलं?  खरं सांगायचं तर — खेळू दे याला. एवढी वर्षं वाट बघितली. मोह कोणाला सुटलाय?

त्यांनी घरी फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घाणा करपला तर तुम्ही पाकिटात भरू देता का?"

"नाही."

"मग असला चषक घरात कशाला आणता?"

शेठ उठले. भैरू गुडघ्याला पट्टी बांधत होता. त्याच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला. "भैरू, आई बरी नाही रे. ऊठ, गाडी काढलीय."

"शेठ... आणि सामना?"

"सामने पुन्हा होतील, लेकरा."

आणि ऐका — नुसतं धाडलं नाही, स्वतः गाडीत बसले.  वाटभर शेठनी पोराचा हात धरून ठेवला.

उन्हं कलताना घर आलं. भैरू उशाशी टेकला. म्हातारीनं डोळे उघडले. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास का?"

दुसरं काय विचारणार आई!

भैरूच्या हातून ती पेजेचे दोन घोट प्याली. सकाळी गेली — लेकाच्या मांडीवर.

आणि सामना? हरले. आदल्या संध्याकाळीच फोन आला, तेव्हा शेठ अंगणात, भैरूच्या बहिणीसोबत चुलीत लाकडं सारत होते. म्हणाले, "पोरांना म्हणावं, चांगलं खेळलात. पोटभर जेवा." आणि डोळे पुसले. धुराचं निमित्त झालं. वाईट वाटलं की हो! का नाही वाटणार?

मंडळी, तुमच्या दुकानात, शेतात, घरात कोणीतरी राबतंय. त्याची आई कशी आहे, विचारलंत कधी? उद्या सकाळी विचारा. तेवढं झालं, की आजचं माझं कीर्तन पांडुरंगाला पोचलं.