लोचोचा पाय आणि माझं तोंड

मला सांगा, पाय मोडला कुत्र्याचा आणि तोंड बंद करायचं मी, हा कुठला न्याय? आमचा लोचो अजून वर्षाचाही नाही. आमच्या लिंबायत भागात रिक्षाखाली आला. जनावरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, "पळाला तर हाड सरकेल, मग ऑपरेशन करून रॉड घालावा लागेल. घरात तो कशाने पळतो?"

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे फोनवर भांडायला लागले की तो भुंकत घरभर धावतो."

"मग भाई, तुम्ही भांडू नका."

"अहो, आयुष्यभर बातमीदारी केली ती भांडूनच!"

टेबलावरचा लोचो ताडकन उठला आणि तीन पायांवर भुंकू लागला.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले.

त्याच संध्याकाळी उपसंपादकाचा फोन आला. बमरोलीच्या गटारांवरची माझी बातमी त्याने अर्धी कापली होती. लोचोने कान टवकारले, बायकोने डोळे वटारले. मी हळूच म्हणालो, "बरं. हरकत नाही."

पलीकडून चाचरत प्रश्न आला, "दादा, आज भांडत नाही? वकिलाशी बोललात का?"

सकाळी बातमी अख्खी छापून आली. पुढे लोचोचा पाय ऑपरेशनशिवाय जुळला, प्लास्टरही निघालं. उपसंपादकाशी मात्र मी अजून हळूच बोलतो.