करवतीचे खुंट

बेकरीवाली: "एकाही झाडाला हात लावायचा नाही." बाबांचे शब्द आहेत हे, डॉक्टरकाका, जाताना सांगितलेले. म्हणून मी फांदीसुद्धा तोडली नाही. आणि रान बघा, शेंड्याकडून वाळत चाललंय. भाऊ म्हणतो, विकून मोकळे होऊ.

डॉक्टरकाका: आधी डॉक्टर म्हणणं सोड. मी दातांचा! झाडांचं जे कळतं, ते माझ्या रानात माती खाऊन कळलंय.

बेकरीवाली: अगंबाई! तुमचं रानमालकांचं मंडळ तर म्हणालं, जाणकार पाठवतो.

डॉक्टरकाका: मंडळात सगळे रानवालेच. फुकट येतो, सोबत फिरतो, आपापल्या चुका सांगतो. मी लोभापायी जाडजूड झाडं एकदम काढली. पुढच्याच वादळात उरलेली आडवी!

बेकरीवाली: धीर द्यायला आलात की घाबरवायला?

डॉक्टरकाका: वर बघ. आभाळ दिसतंय?

बेकरीवाली: बटणाएवढं.

डॉक्टरकाका: आणि खाली एक रोप नाही. दाटी झालीय गं, उजेडाला उपाशी आहेत बिचारी. अधूनमधून एखादं काढलंस तर…

बेकरीवाली: ते सोडून बोला. बाबांचा शब्द मोडून मला झोप लागायची नाही.

डॉक्टरकाका: बरं बाई, राहिलं. अगं, जपून! ठेचकाळलीस?

बेकरीवाली: शेवाळाखाली काहीतरी… खुंट आहे, काका. करवतीनं कापलेला!

डॉक्टरकाका: तो बघ दुसरा. तिकडे आणखी एक. जुने दिसतात, बोटानं भुगा होतोय.

बेकरीवाली: बाबांशिवाय इथं येणार कोण! आणि प्रत्येक खुंटाशेजारचं झाड बघा, कसं पोसलंय! स्वतः विरळणी करत होते की! मग मलाच का अडवलं?

डॉक्टरकाका: बाबा गेले तेव्हा तू काय करायचीस?

बेकरीवाली: नुकती बेकरीत लागले होते. रोज पाव करपवायचे.

डॉक्टरकाका: मग मीही तुझ्या हाती करवत दिली नसती!

बेकरीवाली: काका! …पण खरंय हो. लबाड कुठले, ओळखून होते मला. आता नाही करपत माझे पाव. द्या ती तुमच्या खिशातली लाल फीत. काढायचं म्हणून कुठल्या झाडाला बांधू?

डॉक्टरकाका: ते आम्ही सांगत नाही. रान तुझं, फीत तू बांधायचीस.

बेकरीवाली: मग ह्या वाकड्या वाकोबाला. मागच्या तरण्या झाडाला श्वास घेता येईल. बांधली! आता भावाला म्हणावं, गिऱ्हाईक परत पाठव.

डॉक्टरकाका: शाब्बास! चल, चहा घेऊ.

बेकरीवाली: तुम्ही घ्या. आई फाटकापाशी बाकावर बसलीय. विकण्याआधी एकदा रान दाखवीन म्हटलं होतं तिला.

डॉक्टरकाका: आता विकायचंच नाही, मग घाई कसली?

बेकरीवाली: दाखवीन म्हटलंय ना. हात धरून आणायचं म्हणजे वेळ लागेल, निघते मी.