पेरूच्या लिलीचा चीक

जबाब

मी शालूबाई बंडूजी भोयर, वय ४६ वर्षे, व्यवसाय शेती, राहणार अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती बंडूजी यांच्यासह राहते. आमच्या शेतात हिरव्या जाळीखाली पेरू देशातल्या लिलीची लागवड आहे. फुले थंडीत निघतात व नागपूरच्या बाजारात जातात. या लिलीची दांडी कापत नाहीत. पीळ देऊन बुडातून ओढतात, म्हणजे नवे कोंब फुटतात. नंतर खालची पाने हाताने सोलून दांड्या पाण्यात ठेवतात. सोलताना चीक बोटांना लागतो. त्यासाठी हातमोजे लागतात. आमचे फाटले होते. नवे आणले नाहीत.

तानाबाई बाबाराव थूल, राहणार बौद्ध मोहल्ला, अल्लीपूर, या आमच्याकडे दांड्या सोलण्याच्या कामावर होत्या. त्यांच्या बोटांची कातडी फाटून चट्टे पडले होते.

दिनांक १७ जानेवारी रोजी सकाळी तानाबाई पिण्याच्या पाण्याच्या ड्रमाजवळ आल्या असता माझे पती त्यांना म्हणाले, "मांगं हट! महारोग झाला तुले. तुमच्या लोकायले जवळ केलं का असंच होते." असे म्हणून त्यांनी ड्रम आडवा करून सगळे पाणी सांडून दिले. बाकीच्या बाया पाहत होत्या. तानाबाई मला म्हणाल्या, "शालूबाई, तुमी तरी सांगा ना यायले. हे चिकानं झालं."

मी पदर पुढे ओढून घेतला.

तानाबाई तशाच निघून गेल्या. त्यांचा जेवणाचा डबा जाळीखालीच राहिला. तो मी अजून परत केलेला नाही.

हा रोग नाही हे मला ठाऊक होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय. माझ्याही बोटांना तसेच चट्टे आहेत. त्या वेळी मी हात पदराखाली घेतले होते. पती रोज माझ्याच हातचे जेवतात.

"तू सैपाकात होती म्हणून सांगजो," असे पतीने मला बजावले आहे. ते आता बाहेर गाडीवर बसून आहेत. मी स्वयंपाकात नव्हते. ड्रमाजवळच उभी होते. तानाबाईंची तक्रार खरी आहे.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचण्यापूर्वी महिला अंमलदारांनी दार लावू का, असे विचारले. मी उघडे ठेवण्यास सांगितले.

समक्ष